'द प्रिझनर ऑफ झेंडा'तल्या फ्लेव्हियाने राजाशी लग्न केलं ते बरोबर होतं का? आणि अशा आणखी राजकन्या कुठे भेटतील?

शेवटची फेरी

नमस्कार. मी एस.टी.त वाहक आहे, सतरा वर्षं झाली. वाचायची सवय डेपोतल्या विश्रांतीच्या खोलीत लागली. दोन फेऱ्यांमध्ये कधी पन्नास मिनिटं मिळतात, कधी दीड तास. डबा खाऊन बाकीच्या जणी पाठ टेकतात, मी पिशवीतून पुस्तक काढते. आणि ते बहुतेक वेळा राजकन्येचंच असतं. राजकन्या, तिचं राज्य आणि तिच्या मनात भरलेला, पण तिला मिळू न शकणारा माणूस.

मला हेच का आवडतं याचा मी विचार केलाय. साध्या घरातल्या प्रेमकथेत मुलीला 'नाही' म्हणणारं कुणीतरी असतं. बाप असतो, भाऊ असतो, भावकी असते. राजकन्येच्या चांगल्या गोष्टीत तसं कुणी नसतं. तिला अडवायची कुणाची हिंमत नसते. तिलाच स्वतःला 'हो' किंवा 'नाही' म्हणावं लागतं.

आमच्याकडे कर्तव्य हा शब्द कुणी वापरत नाही, ड्युटी म्हणतात. ड्युटी लागते, ड्युटी बदलते, डबल ड्युटी पडते. म्हणून पुस्तकाच्या पाठीवर 'प्रेम की कर्तव्य' असं छापलेलं दिसलं की मी आधी बघते, या बाईला ड्युटी नेमकी कुठली लागलीय? हल्लीच्या पुष्कळ कादंबऱ्यांत काहीच लागलेली नसते. मुकुट असतो, मेजवान्या असतात, एक कडक आजी असते. शेवटच्या वीस पानांत नियम बदलतो, नाहीतर तो साधा मुलगा कुठल्यातरी सरदाराचा वारस निघतो. मग दोन्ही मिळतं. असं पुस्तक वाचून झालं की मला फसवल्यासारखं वाटतं. माझे डोळे भरून आले होते आणि ते कशासाठी, तर ज्याला कधी धोकाच नव्हता त्याच्यासाठी.

आता मुद्द्यावर येते. माझी भाची (थोरल्या बहिणीची मुलगी, एकोणीस वर्षांची, कॉलेजसाठी आमच्याकडेच राहते) जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून 'द प्रिझनर ऑफ झेंडा'ची शाळकरी मुलांसाठी केलेली छोटी आवृत्ती घेऊन आली. मी दोन दिवसांत संपवली. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: रुरिटानिया नावाचं काल्पनिक राज्य आहे. राज्याभिषेकाच्या आदल्या रात्री राजाला गुंगीचं औषध घातलेली दारू पाजतात आणि पुढे झेंडाच्या किल्ल्यात कोंडून ठेवतात. त्याच्यासारखाच हुबेहूब दिसणारा रुडॉल्फ नावाचा एक इंग्रज माणूस त्याच्या जागी उभा राहतो. राजाचं जिच्याशी लग्न व्हायचंय ती राजकन्या फ्लेव्हिया या तोतया राजाच्या प्रेमात पडते. खऱ्या राजावर तिचं प्रेम कधीच नव्हतं. शेवटी रुडॉल्फ जिवावर उदार होऊन खऱ्या राजाला सोडवतो. आणि फ्लेव्हिया खरं कळल्यावरही रुडॉल्फबरोबर जात नाही. ती राजाशी लग्न करते. त्यानंतर दर वर्षी ती रुडॉल्फला एका डबीतून लाल गुलाब पाठवते.

भाची म्हणाली, "घाबरट आहे. त्या दारुड्याबरोबर जन्म काढायचा आणि याला फूल पाठवायचं, याला काय अर्थ आहे मावशी?" मला तिला उत्तर देता आलं नाही, आणि दोन आठवडे झाले, ती गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

जात का नाही तेही सांगते. मी चोवीस वर्षांची असताना एकाशी लग्न करायचं ठरवलं होतं. तो बँकेत होता. त्याच वर्षी माझ्या वडिलांना, नानांना, अर्धांगवायू झाला. भाऊ नववीत होता. थोरली बहीण तिच्या घरी. माझी भरतीची ऑर्डर आली त्याच महिन्यात त्याची नागपूरला बदली झाली. तासगावच्या स्टँडवर रसवंतीसमोर उभं राहून मी त्याला सांगितलं की मी येत नाही. मला कुणी अडवलं नव्हतं. आई तर जा म्हणत होती.

आता नाना नाहीत, भाऊ मार्गी लागला. नातेवाईक म्हणतात, "हिनं केवढा त्याग केला." हा शब्द मला आवडत नाही. त्याग म्हटलं की मी देव्हाऱ्यात जाऊन बसते, आणि त्या दिवशी दुपारी स्टँडवर उभं राहून मी जे ठरवलं ते कुणाच्या लेखी उरतच नाही.

म्हणून विचारते. फ्लेव्हियाचं बरोबर होतं का? आणि जिथे राजकन्या स्वतः ठरवते, आणि ड्युटी नुसती शोभेला नसते, अशी पुस्तकं कुठली? इंग्रजीही चालेल, मी डिक्शनरी घेऊन वाचते. वेळ लागतो, पण वाचते.

निवृत्त मास्तर, कोल्हापूर

ताई, तुमचा प्रश्न वाचून कपाटातली माझी जुनी प्रत काढली. तेहेतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यात हे पुस्तक मुलांना किती वेळा वाचून दाखवलं असेल! प्रकाशन १८९४ चं. अँथनी होप हा व्यवसायाने वकील. एक खटला जिंकून कोर्टातून पायी घरी चालला असताना त्याला ही गोष्ट सुचली आणि पहिला खर्डा त्याने महिनाभरात लिहून काढला. म्हणून ती घोड्यासारखी धावते.

पण छोट्या आवृत्तीने तुमचं नुकसान केलंय. त्या आवृत्त्यांत तलवारबाजी ठेवतात आणि बोलणं कापतात. मूळ पुस्तकाचं एकविसावं प्रकरण पूर्ण वाचा. पुस्तकावर आता कुणाचा स्वामित्व हक्क नाही, मोबाईलवर फुकट मिळेल. तिथे दोघांची शेवटची भेट आहे. फ्लेव्हिया विचारते, प्रेम हीच एक गोष्ट आहे का? तसं असतं तर मी फाटक्या कपड्यांत तुझ्यामागून जगाच्या टोकापर्यंत आले असते. आणि त्यानंतर एक वाक्य आहे ज्यासाठी मी ते प्रकरण वर्गात नेहमी दोनदा वाचायचो: प्रेम हीच एक गोष्ट असती, तर तू राजाला त्या कोठडीत मरू दिलं असतंस.

हे वाक्य कापलं की भाचीचं म्हणणं खरं ठरतं. ते ठेवलं की बाजू फिरते. पुढचं वाक्य आहे की इमान बाईलाही बांधतं.

याचा दुसरा भाग १८९८ मध्ये आला, 'रूपर्ट ऑफ हेन्ट्झॉ'. त्यात फ्लेव्हियाने रुडॉल्फला लिहिलेलं एक पत्र चोरीला जातं आणि तिथून सगळं कोसळतं. मी त्याचा शेवट सांगत नाही. पण तुम्ही ज्या गुलाबाबद्दल लिहिलंत त्याची खरी किंमत त्या भागात कळते. ज्या दिवशी मन घट्ट असेल त्या दिवशी वाचा.

मांडवीजवळ

मी बडोद्याचा, चार पिढ्या इथेच. कादंबरी नाही, पण खरी राजकन्या सांगतो, आपलीच.

सयाजीराव महाराजांची एकुलती एक मुलगी इंदिराराजे, जन्म १८९२. कॉलेजात शिकलेली. तिचं लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेलं. ते वयाने बरेच मोठे आणि आधीच विवाहित होते. १९११ च्या दिल्ली दरबाराला सगळी संस्थानं जमली आणि तिथे तिची कुचबिहारचे धाकटे राजपुत्र जितेंद्र नारायण यांच्याशी गाठ पडली. तिने आईवडिलांना काहीच सांगितलं नाही. सरळ शिंद्यांना पत्र लिहिलं की हे लग्न मला करायचं नाही. घरी ते कधी कळलं? शिंद्यांची तार आली तेव्हा. राजकन्येच्या पत्राचा अर्थ काय, असं त्यांनी विचारलं होतं. हा प्रसंग तिच्या मुलीने, गायत्रीदेवींनी, आपल्या इंग्रजी आठवणींमध्ये लिहिलाय.

मला नेहमी चिमणाबाईंचं वाटतं. मुलीची आई. त्याच १९११ मध्ये भारतीय स्त्रियांच्या स्थितीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं होतं. बायकांनी शिकावं, स्वतःच्या पायावर उभं राहावं असं मानणारी बाई, आणि स्वतःच्या मुलीने स्वतःचं ठरवलं तेव्हा विरोधात उभी राहिली. दोन घराण्यांचा शब्द गेला होता, हेही खरं. १९१३ मध्ये इंदिराराजेंचं लग्न लंडनला झालं, ब्राह्मो समाजाच्या पद्धतीने. आईवडील नव्हते.

आणि ताई, तुमची ड्युटी इथे येते. लग्नानंतर काही आठवड्यांत मोठा भाऊ वारला आणि जितेंद्र गादीवर आले. १९२२ मध्ये तेही गेले. पदरात पाच मुलं, थोरला मुलगा सात वर्षांचा. त्याच्या वतीने १९३६ पर्यंत कुचबिहारचा कारभार इंदिराराजेंनी पाहिला. बडोद्याच्या मुलीने, पार बंगालच्या उत्तर टोकाला. प्रेमासाठी एक ड्युटी सोडली आणि त्याच प्रेमातून चौदा वर्षांची दुसरी लागली.

शेवटची फेरी

मांडवीजवळ, हे मला अजिबात माहीत नव्हतं. तारेचं वाचून अंगावर काटा आला. आईच्या जागी मी असते तर काय केलं असतं, ते सांगता येत नाही.
मास्तर, प्रकरण उतरवून घेतलंय. शनिवारी मधली फेरी रिकामी असते, तेव्हा वाचते.

सायली

ताई, मी तुमच्या भाचीच्या वयाची आहे आणि तिच्या बाजूची आहे. सरांनी सांगितलेलं वाक्य सुंदर आहे. पण रुरिटानिया म्हणजे काय, ते दाखवा ना मला. फ्लेव्हिया गेली असती तर नक्की कुणाच्या घरातली चूल विझली असती? मी मूळ पुस्तक वाचलंय. तिथे लोक आहेत ते रस्त्याच्या कडेला उभं राहून जयजयकार करायला. शेतकरी नाही, कर नाही, दुष्काळ नाही. 'देश' हा शब्द आहे, देश नाही. तुमच्या गोष्टीत नाना आहेत, नववीतला भाऊ आहे. तिच्या गोष्टीत तसं कुणीच नाही. म्हणून मला तिची ड्युटी पटत नाही, तुमची पटते.

आणि एक राजकन्या मला सांगायचीच आहे. महाभारताच्या उद्योगपर्वातली माधवी, ययातीची मुलगी. गालवाला गुरुदक्षिणा म्हणून आठशे घोडे हवे होते, चंद्रासारखे पांढरे आणि एक कान काळा असलेले. ययातीकडे घोडे नव्हते. त्याने मुलगी दिली. तीन राजांकडे ती एकेक मुलगा होईपर्यंत राहिली आणि प्रत्येकाने दोनशे घोडे दिले. उरलेल्या दोनशेंच्या बदल्यात खुद्द गुरूने, विश्वामित्राने, तिलाच ठेवून घेतलं. चार मुलगे, चारही मागे ठेवून ती पुढे. मग बापाने तिचं स्वयंवर मांडलं. एवढ्या सगळ्यात पहिल्यांदा तिला विचारलं गेलं. तिने जमलेल्या राजांमधून चालत जाऊन वनाला वरलं. जंगलाला.

ड्युटी हा शब्द आला की मला आधी ते काळे कान आठवतात. कुणाची ड्युटी होती ती? गालवाची. केली कुणी?

फ्रेंचची शिकवणी, पुणे

सायली, माधवी वाचून मला नेमकं जे पुस्तक सुचवायचं होतं तेच आठवलं, कारण शेवट तसाच आहे. 'ला प्रिन्सेस द क्लेव्ह', १६७८. मादाम द ला फायेत यांचं, पण तेव्हा नाव न घालता छापलेलं. इंग्रजी भाषांतरं सहज मिळतात. नायिका जन्माने राजकन्या नाही, लग्नाने प्रिन्सेस झालेली आहे, हे आधीच सांगते.

काळ फ्रान्सच्या दुसऱ्या आंरी (हेन्री) राजाच्या दरबाराचा, म्हणजे कादंबरीच्याही सव्वाशे वर्षं आधीचा. मुलगी सोळाची. आईच्या सांगण्यावरून क्लेव्हच्या राजपुत्राशी लग्न करते. नवरा सज्जन आहे, तिच्यावर जीव टाकतो, तिला फक्त त्याचा आदर वाटतो. मग दरबारात नमूरचा ड्यूक भेटतो. ती त्याला टाळते, आजारी असल्याचं सांगते, गावाकडच्या वाड्यावर जाऊन राहते. एवढं करून भागत नाही तेव्हा ती नवऱ्यालाच सांगते: माझं मन दुसऱ्यावर गेलंय, मला दरबारापासून दूर ठेवा. नाव सांगत नाही. आणि तो दुसरा माणूस तिथेच लपून हे सगळं ऐकत असतो.

या एका प्रसंगावरून तेव्हा पॅरिसमध्ये इतका वाद झाला की 'मर्क्यूर गालां' या नियतकालिकाने वाचकांनाच प्रश्न विचारला: बायकोने असं नवऱ्याला सांगावं का? ठिकठिकाणहून पत्रं आली. बहुतेकांचं मत पडलं, सांगू नये. साडेतीनशे वर्षांपूर्वी लोक एका कादंबरीतल्या बाईसाठी असे कागद घेऊन बसले होते, हे मला फार जवळचं वाटतं.

पुढे नवरा संशयाने झुरून मरतो. आता ती मोकळी आहे, नमूर समोर आहे, अडवणारं कुणी नाही. तरी ती नाही म्हणते. कारणं दोन देते. एक, नवऱ्याच्या मरणाचं ओझं. दुसरं जास्त खरं: लग्नानंतरही ज्याचं प्रेम टिकलं असा पुरुष कदाचित माझा नवराच होता, तुमचं टिकणार नाही, आणि ते आटताना बघायची माझी तयारी नाही. तिची ड्युटी राज्याशी नाही, देवाशीही फारशी नाही. स्वतःच्या शांतीशी आहे. ताई, राजकन्या स्वतः ठरवते असं पुस्तक तुम्ही मागितलंत, तर याहून स्पष्ट मला दुसरं माहीत नाही.

त्याच पुस्तकात मागे दोन खऱ्या राजकन्यांची लग्नं चाललेली असतात. राजाची मुलगी एलिझाबेथ, जेमतेम चौदाची, १५५९ च्या तहाबरोबर स्पेनच्या राजाला दिली जाते. तिला कुणी विचारत नाही. सायलीच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे, कोपऱ्यात, चार ओळींत. मी शिकवताना तिथे थांबते.

वाचताना पिवळ्या रंगाकडे लक्ष ठेवा, एवढंच सांगते.

शेवटची फेरी

सगळ्यांचे आभार. सावकाश लिहितेय, रात्रीचे साडेदहा झालेत आणि उद्या पहिली गाडी आहे.

एकविसावं प्रकरण शनिवारी वाचलं. डिक्शनरीत अकरा शब्द बघावे लागले. मास्तरांनी सांगितलेलं वाक्य आलं तेव्हा मी मोबाईल पालथा ठेवला आणि थोडा वेळ खिडकीतून गाड्या बघत बसले.

छोट्या आवृत्तीत ती नुसती रडते आणि म्हणते माझा देश, माझं घराणं. खऱ्या पुस्तकात ती त्याला त्याच्याच केलेल्या कामाची आठवण देते. राजा मेला असता तर गादीही त्याची होती आणि तीही त्याची होती. त्याने नुसतं उशिरा पोहोचायचं होतं. त्याने तसं केलं नाही, म्हणून तर तो तिला आवडला. मग तिने त्याच्याहून हलकं का वागावं? ती त्याच्या बरोबरीला उभी राहून बोलते. मला हेच हवं होतं आणि मला ते शब्दांत सापडत नव्हतं.

सायली, तुझं म्हणणं मी खोडत नाही. रुरिटानियात चूल दिसत नाही, हे खरंच. लेखकाने एक जरी घर उघडून दाखवलं असतं तर भाचीचं तोंड तिथेच बंद झालं असतं. आणि माधवीचं वाचल्यापासून एक गोष्ट मी स्वतःशी पक्की केली. दुसऱ्याने आपल्या गळ्यात घातलेली ड्युटी आणि आपण उचललेली ड्युटी, बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. लोक दोन्हीला त्यागच म्हणतात.

प्रिन्सेस सुरू केलीय. नावं फार आहेत, वहीत लिहून काढली. ती रात्री एकटी बसून काठीला पिवळ्या फिती बांधते तिथवर आले. त्याच्या रंगाच्या फिती, त्याचीच एके काळची काठी. कुणी बघत नाही असं तिला वाटत असतं. बाई, पिवळ्याचं आधी सांगितलंत ते बरं झालं.

आता एक गोष्ट, जी पहिल्यांदा लिहिताना मी गाळली होती.

नागपूरला जायच्या आधीच्या आठवड्यात तो सांगलीहून नानांसाठी शौचाला बसायची भोकाची खुर्ची घेऊन आला होता. तेव्हा तासगावात ती मिळत नव्हती. एस.टी.च्या टपावर दोरीने बांधून आणली. पावसाचे दिवस, खुर्चीला प्लॅस्टिक गुंडाळलेलं आणि स्वतः चिंब भिजलेला. टपावरून ती उतरवताना त्याच्या हाताला पत्रा लागला. माझ्यासमोर त्याने कधी 'चल' म्हटलं नाही. नानांना उठवून त्या खुर्चीवर बसवायचं कसं ते त्याने मला आणि भावाला दोनदा करून दाखवलं, दवाखान्यात विचारून आला होता.

काल रात्री भाचीला ते कोठडीचं वाक्य वाचून दाखवलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग त्यानं राजाला सोडवायलाच नको होतं."

याचं उत्तर माझ्याकडे आहे. पण खुर्चीची गोष्ट सांगितल्याशिवाय ते तिला देता येणार नाही, आणि ती मी अजून घरात कुणालाच सांगितलेली नाही. खुर्ची माळ्यावर आहे. दिवाळीला साफसफाई करताना तिने विचारलं होतं, मावशी, ही अजून का ठेवलीय.